शांतिब्रह्म एकनाथ महाराज आणि एका पैची चूक

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षे झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी नाथमहाराजांचं चरित्र आमच्या वाट्याला दिलं. आम्ही चौथी शिकलेलो. दिवसभर कांदा-मका आणि संध्याकाळी हरिपाठ, एवढाच आमचा व्यवहार. कीर्तनात उभे राहिलो तर दोन तास बोलू, पण कागदावर चार ओळी उतरवायच्या म्हटलं की घाम फुटतो. तरी सेवा टाळायची नाही म्हणून लिहितो. चुकलं माकलं पदरात घ्यावं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कीर्तनकार माणूस प्रमाणाशिवाय पुढं पाऊल टाकत नाही. अभंग, ओवी, दाखला, असं एकावर एक लावत जातो. पण या लेखात आम्ही नाथांची एकही ओळ लिहिलेली नाही. आमच्या स्मरणावर आमचा पहिल्यासारखा भरवसा राहिलेला नाही. तसं का झालं ते शेवटी सांगू. आधी नाथ.

नाथमहाराजांचा जन्म पैठणचा, सुमारे १५३३ सालचा. घराणं वारकऱ्यांचं. पणजोबा भानुदास महाराज. विजयनगरला गेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरीला परत आणली, असं परंपरा सांगते. नाथांचे वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघंही लेकरू लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढवलं. पोरकं मूल एकतर हूड होतं नाहीतर अबोल. हे मूल पोथी-पुराणात रमलं आणि बाराव्या वर्षाच्या सुमाराला घर सोडून गुरूच्या शोधात देवगिरीला गेलं.

आता हा देवगिरी आपल्याला काही परका नाही. पूर्वी वेरूळची लेणी बघायला येणारे लोक आपल्या नांदगावच्या स्टेशनावर उतरत आणि टांग्यानं पुढं जात. त्याच वेरूळच्या वाटेवर पुढं देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला. त्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत जनार्दनस्वामी होते. आणि जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. आपल्या शेजारच्या तालुक्याचे! गाडीनं नांदगाव सोडलं की पुढचं मोठं स्टेशन चाळीसगाव. नाथांचे गुरू आपल्या शेजारचे, हे आम्ही कीर्तनात सांगतो तेव्हा म्हातारी माणसं सुद्धा मान वर करून बघतात.

स्वामींकडे नाथ काही वर्षे राहिले. नुसते पाय चेपायला नाही. किल्ल्याचा कारभार म्हणजे जमाखर्च, पत्रं, अर्ज, हुकूम. हिशेबाचं काम नाथांकडे आलं. तिथली गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. एका रात्री हिशेबात एका पैचा फरक निघाला. नाथ दिवा लावून बसले. पहिला प्रहर गेला, दुसरा गेला. पहाटे कुठंतरी चूक सापडली आणि त्या आनंदात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन बाहेर आले. एका पैच्या चुकीसाठी जेवढा जीव एकाग्र केलास तेवढा देवाकडे लाव, अशा अर्थाचं त्यांनी शिष्याला सांगितलं.

कीर्तनकार ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात. आम्हीही तीस-पस्तीस वर्षे तशीच सांगितली. पण आता वाटतं, तिच्यात अजून एक धान्य आहे जे आम्ही पाखडलंच नव्हतं. ती पै नाथांची नव्हती. हिशेब दुसऱ्याचा होता. दुसऱ्याच्या वहीत चूक राहू द्यायची नाही आणि आपल्या पदरची पै टाकून ताळा जुळवायचा नाही. तसं करणं सोपं होतं. कोण बघत होतं रात्री? पण त्यांनी शोधली. ही पै पुढं लक्षात ठेवा.

त्या काळी आपल्या मराठीची काय अवस्था होती, ते थोडं सांगायला पाहिजे. ज्ञानोबा माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये. तेव्हा देवगिरीवर यादवांचं राज्य होतं आणि मराठीला मान होता. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ते राज्य गेलं. मग बहामनी आली, तिच्यानंतर निजामशाही. कचेरीत फारशी चालू झाली. इकडं शास्त्री-पंडितांकडे संस्कृत होतीच. म्हणजे दिवाणखान्यात फारशी, देवघरात संस्कृत, आणि मराठी मधल्या ओसरीवर. लेखी मान तिला कमी राहिला. ती जगली ती शेतात, जात्यावर आणि वारीच्या वाटेवर.

आणि जी भाषा तोंडात जगते ती बदलते. नदी वाहती असली की काठ बदलणारच. माउलींच्या वेळचं म्हणौनि, ते नाथांच्या काळात म्हणोनि झालं, आज आपण म्हणून म्हणतो. माउली एऱ्हवीं म्हणत, आपण एरवी म्हणतो. आहे या अर्थाचा आथी हा शब्द ज्ञानेश्वरीत येतो, तो आज कोणाच्या तोंडी नाही. आमच्या आजीचे जात्यावरचे कितीतरी शब्द आमच्या नातवाला कळत नाहीत. पाच पिढ्यांत एवढा फरक, तर माउलींपासून नाथांपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षांत किती पडला असेल!

हे आपल्याकडेच घडत होतं असं नाही. तिकडे बंगालात नाथांच्या आधीच्या शतकात कृत्तिवासांनी रामायण घरच्या बंगालीत सांगितलं होतं. उत्तरेत तुलसीदासांनी १५७४ साली त्यांच्या बोलीत रामचरितमानस लिहायला घेतलं. जिकडे तिकडे देव लोकांच्या भाषेत बोलू लागला होता, आणि जिकडे तिकडे विद्वानांना ते खटकत होतं.

नाथांचं पहिलं लिखाण आपल्या नाशिक जिल्ह्यातलं आहे, असं परंपरा मानते. गुरूंबरोबर तीर्थयात्रा करत ते त्र्यंबकेश्वराकडे आले, तिथं स्वामींच्या आज्ञेवरून त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका केली. चार श्लोक, आणि त्यावर हजारावर ओव्या. निवृत्तिनाथांच्या समाधीच्या गावी नाथांच्या मराठीचा आरंभ झाला. म्हणून त्र्यंबकला गेलं की आम्ही दोन दंडवत घालतो.

यात्रेनंतर ते पैठणला परतले, गिरिजाबाईंशी लग्न झालं, संसार मांडला. मुलगा हरिपंडित आणि मुली. नाथांनी संसार सोडला नाही, अंगाला राख लावली नाही. वाड्यात अन्न शिजत होतं, रात्री कीर्तन होत होतं, आणि येईल तो बसत होता. कावडीतली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, श्राद्धाचं अन्न गावानं दूर लोटलेल्या माणसांना वाढलं, या कथा आपल्याला ठाऊक आहेत. त्या फिरून सांगत नाही.

मग त्यांनी भागवताचा अकरावा स्कंध मराठीत करायला घेतला. एकतीस अध्याय, अठरा हजारांवर ओव्या. पहिले पाच अध्याय पैठणला झाले, ते काशीपर्यंत पोचले. तिथल्या पंडितांना राग आला की हा कोण संस्कृताचं मराठी करणारा. नाथांना काशीला जावं लागलं. ते भांडले नाहीत. तिथं बसून लिहीत राहिले. १५७१ मध्ये रुक्मिणीस्वयंवर तिथंच पुरं झालं आणि १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला भागवतही पुरं झालं. ज्यांनी नाव ठेवलं त्याच काशीत पुढं त्या ग्रंथाची मिरवणूक निघाली, असं चरित्रकार सांगतात.

बाहेरचा विरोध सोसता येतो. घरातला कठीण. मुलगा हरिपंडित शास्त्र शिकलेला. बापानं मराठीत पुराण सांगावं आणि कुठंही जेवावं, हे त्याला पटेना. तो रुसून काशीला गेला. नाथ त्याला समजावून परत घेऊन आले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी मराठी पुराण बंद केलं आणि मुलाला संस्कृतात सांगू दिलं. हळूहळू वाड्यातली गर्दी ओसरली. माणसं अर्थावाचून किती दिवस बसणार? शेवटी मुलाचा गर्व उतरला आणि बापानं पुन्हा पुराण धरलं. परंपरेनं आलेली ही कथा आहे. आमच्यातल्या ज्यांची मुलं शिकून शहरात गेली त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

नाथांचं भारूड तर तुम्ही सगळे गाता. जोशी, वासुदेव, गोंधळी, पिंगळा, विंचू, भूत, जोगवा, फुगडी. रस्त्यावरनं जो गेला त्याला नाथांनी हाताला धरून देवळात आणलं. आणि माणसाबरोबर त्याचे शब्दही आणले. किल्ल्यावरच्या कचेरीत जे फारशी शब्द ऐकले ते सुद्धा त्यांनी बाहेर ठेवले नाहीत. अर्जदास्त, ताकीद, जाबचिठ्ठी, अभयपत्र अशा नावाची त्यांची भारुडं आहेत. रयतेनं सरकारला अर्ज करावा तसा जीव देवाला अर्ज करतो. हिंदू आणि तुर्क यांचा संवादही त्यांनी लिहिला. तेव्हाच्या पंडितांना मराठीच बाटगी वाटत होती, त्यात हे यावनी शब्द! पण नाथांना त्याचा विटाळ नव्हता. आज आपण जमीन म्हणतो, वारस म्हणतो, वसूल आणि तगाई म्हणतो, हे सगळे त्याच वाटेनं आलेले. फार कशाला, पालखीपुढचा आपला चोपदार हा शब्दही फारशीतलाच. तो काठी उंच करतो तेव्हा अख्खी दिंडी गप्प होते, शब्द कुठला ते कोणी विचारत नाही.

म्हणजे स्वतःच्या रचनेत नाथांनी दार सताड उघडं ठेवलं. आता दुसरी बाजू बघा.

नाथांचं वय पन्नाशीच्या आसपास असताना त्यांना दृष्टांत झाला की आळंदीला माउलींच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली आहे, ती येऊन काढावी. नाथ आळंदीला गेले, समाधीचा शोध घेतला आणि मुळी काढली. आम्ही अडाणी माणूस, पण आम्हाला वाटतं की मुळी लागली ती कंठालाच का? हाताला का नाही, पायाला का नाही? कंठातून शब्द निघतो. माउलींच्या शब्दालाच काहीतरी लागलेलं होतं.

काय लागलं होतं? तीनशे वर्षे ज्ञानेश्वरी हातानं लिहून उतरवली जात होती. बोरू, शाई आणि कागद. लिहिणारा कधी ऐकून लिहायचा, तिथं कानाची चूक. कधी बघून लिहायचा, तिथं डोळ्याची. जुना शब्द कळला नाही की चालू शब्द घालायचा, आणि त्याला वाटायचं आपण उपकार केला. कोणाला स्फूर्ती आली की तो आपल्याच चार ओव्या मध्ये बसवायचा. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून कुलूप लावल्यासारखे जपले, ते फारसे बाहेर गेलेच नाहीत. ज्ञानेश्वरी सगळ्यांच्या तोंडी गेली, म्हणून तिला सगळ्यांच्या तोंडचं लागलं. प्रेमानंच झालं ते. पण झालं.

नाथांनी निरनिराळ्या प्रती पुढ्यात घेतल्या आणि ओवी-ओवी ताडून बघितली. नऊ हजारांच्या आसपास ओव्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली ते काम पुरं झालं. नाथ स्वतः एवढे मोठे कवी. अठरा हजार ओव्या लिहिलेला माणूस. एखादी ओवी अडली असती तर क्षणात दुसरी तिच्याहून गोड करून बसवली असती. तसं त्यांनी केलं नाही. आथी होतं तिथं आथी राहू दिलं. आपल्या काळाची मराठी माउलींच्या तोंडात घातली नाही. उलट शेवटी ताकीद लिहून ठेवली की यात जो कोणी आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी.

आम्ही शेतकरी, आम्हाला हे बियाण्यावरून कळतं. कांद्याचं बी घरी धरायचं तर डोंगळे लावतो. त्यात भेसळीचं रोप दिसलं की उपटावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी उळं फसतं. बियाणं शुद्ध करणं म्हणजे त्यात काही नवीन घालणं नव्हे. परकं असेल ते काढणं, बस. आणि काढणाऱ्याला मूळ रोप ओळखता आलं पाहिजे, नाहीतर तो चांगलंच उपटील.

देवगिरीवर एका पैसाठी रात्र जागवणारा मुलगा पैठणच्या वाड्यात पुन्हा तसाच बसलेला आम्हाला दिसतो. हिशेब तेव्हाही दुसऱ्याचा होता, आताही दुसऱ्याचा. पदरची पै तेव्हाही टाकली नाही.

१८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापली. राजवाड्यांनी १९०९ साली एक निराळी पोथी छापली, तिच्यावर विद्वानांचे वाद झाले. ते आमच्या आवाक्यातले नाहीत. आपण सप्ताहात जे पारायण करतो ते नाथांनी राखलेल्या वाटेनंच आपल्यापर्यंत आलं आहे, एवढं आम्हाला पुरे.

नाथांचं शेवटचं काम भावार्थ रामायण. ते युद्धकांडापर्यंत आलं आणि देह ठेवायची वेळ झाली. उरलेलं गावबा नावाच्या शिष्यानं पुरं केलं. हा गावबा मंदबुद्धी म्हणून वाड्यात आलेला, पुरणपोळीच्या लोभानं राहिलेला, असं सांगतात. नाथांनी आपला ग्रंथ त्याच्या हाती सोपवला. आपला ग्रंथ सोपवायचा अधिकार आपल्याला असतो. माउलींचा ग्रंथ बदलायचा अधिकार त्यांनी स्वतःला सुद्धा दिला नाही. नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर, त्यानं महाभारत मराठीत आणलं. मुलानं जी भाषा हलकी मानली होती, ती नातवानं उचलून धरली.

फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ साली, नाथांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला. गुरू जनार्दनस्वामींचा जन्म आणि समाधी याच तिथीची. आजही वैजापूर-गंगापूरकडच्या वाटांनी दिंड्या नाथषष्ठीला पैठणला जातात, वाड्यातला रांजण तुकाराम बीजेपासून भरायला लागतात. आमच्या हातानं त्या रांजणात घागर पडली आहे. त्या घागरीची शपथ, आता उरलेलं सांगतो.

आपल्या दिंडीची जुनी भजनाची वही सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आषाढीच्या वाटेवर गाठोडं भिजलं आणि वहीचं एक पान चिकटलं. सोडवताना एका अभंगाचा तिसरा चरण पुसून गेला. तो अभंग नाथांचाच. रात्री मुक्कामी आमचं कीर्तन होतं, चरण आठवेना. आम्ही बसल्या बसल्या एक चरण जुळवला आणि म्हणून टाकला. कोणाला कळलं नाही. एक-दोघांनी तर नेमका त्याच चरणाला मान डोलावली. खोटं कशाला सांगू, आम्हाला बरं वाटलं. पुढं नवी वही उतरवायचं काम आमच्याकडे आलं तेव्हा तोच चरण आम्ही शाईनं लिहिला. घरी जाऊन गाथा उघडून बघायला किती वेळ लागला असता? पण बघितला नाही. ताळा जुळला होता ना!

तेव्हापासून आपली दिंडी आमची ओळ नाथांच्या नावानं गाते आहे. काकड्याला पोरं गातात. माहेराहून सासरी गेलेल्या मुलींनी ती दुसऱ्या गावाला नेली असेल. मागच्या वर्षी चातुर्मासात गाथा वाचताना खरा चरण समोर आला आणि आमचा हात पानावरच थांबला. आमच्या चरणाला चाल बरी लागते, पण त्यात नुसता गोडवा आहे. नाथांच्या चरणात माणसाला जागं करणारं काहीतरी आहे, तेच आम्ही एवढी वर्षे पुसून ठेवलं होतं.

स्मरणिकेबरोबर ती वही छापायचं ठरलं, म्हणून हे लिहावं लागलं. आम्ही मंडळींना सांगितलं तेव्हा काही म्हणाले की राहू द्या महाराज, आता तोंडात बसलं आहे, सोपंही आहे, कोणाचं काय बिघडतं. प्रेमानंच म्हणाले. ज्ञानेश्वरीत ओव्या घालणारेही प्रेमानंच घालत असतील.

एकादशीला आम्ही सगळ्यांसमोर वहीतला तो चरण खोडला आणि गाथेतून बघून खरा लिहिला. लिहिल्यावर दोन पोरांकडून अक्षर-अक्षर ताडून घेतला. ज्यांच्या घरी जुन्या वहीवरून उतरवलेल्या वह्या आहेत त्यांनी आपापली वही देवळात आणावी, आम्ही रोज हरिपाठानंतर बसतो. म्हाताऱ्या मायबाया लगेच बदलणार नाहीत, त्यांना हसू नये. पोरांना मात्र खरा चरणच शिकवावा. आणि त्या वहीत आमच्या हातची अशीच दुसरी एखादी जागा कोणाला सापडली, तर आमच्या वयाकडे न बघता सांगावी.

रामकृष्णहरी.